हरणं न जमलेला माणूस

फ्रान्सला मोठे सायकलपटू बहुतेक गावखेड्यांतून मिळाले. जाक आंकेतिलच्या घरी नॉर्मंडीत स्ट्रॉबेरीची शेती. लुईसाँ बोबे हा ब्रिटनीतल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. रेमाँ पुलिदोर दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणाऱ्या घरातला, आणि पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला बर्नार इनो ब्रिटनीतल्या इफिन्याक या छोट्या गावचा. जुलैत रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसणाऱ्या लाखो लोकांना हे सगळे आपल्यातलेच वाटायचे. घामाची, चिखलाची आणि कष्टाची भाषा दोघांची एकच होती.

लोराँ फिन्यों या रांगेत बसणारा नव्हता. जन्म १२ ऑगस्ट १९६०चा, तोही पॅरिसच्या मोंमार्त्रमधला. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब शहराच्या पूर्वेला तुर्नां-आं-ब्री या गावी राहायला गेलं. वडील धातूकामाच्या कारखान्यात फोरमन. मुलगा बॅकालोरेआ, म्हणजे आपल्याकडची बारावी, उत्तीर्ण झाला आणि थोडे दिवस विद्यापीठातही जाऊन आला. केस लांब, सोनेरी. डोळ्यांवर बारीक काड्यांचा गोल चष्मा. सायकलपटूंनी त्याचं नाव ठेवलं ‘प्रोफेसर’. व्यावसायिक सायकलपटूंमध्ये तेव्हा शाळा पुरी केलेला माणूसच विरळा, त्यामुळे बारावी आणि चष्मा एवढ्या भांडवलावर प्रोफेसरकी मिळून गेली.

फ्रेंच प्रेक्षकांची एक खोड आहे, हरणाऱ्यावर जीव टाकण्याची. पुलिदोर चौदा वेळा टूर द फ्रान्समध्ये उतरला. तीनदा दुसरा आला, पाचदा तिसरा. आघाडीवीराची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर एक दिवसही चढली नाही, आणि तरी, किंबहुना त्यामुळेच, तो त्या देशाचा सर्वांत लाडका सायकलपटू ठरला. पाचदा टूर जिंकणारा आंकेतिल त्याला शर्यतीत हरवायचा आणि टाळ्या पुलिदोरला मिळायच्या. या न्यायानं १९८९च्या जुलैनंतर फ्रान्सनं फिन्योंला डोक्यावर घ्यायला हवं होतं. टूरच्या इतिहासात त्याच्याइतक्या थोडक्यात कुणीच हरलेलं नाही. पण तसं घडलं नाही. माझ्या मते त्याचं कारण साधं आहे. पुलिदोरला हरता येत होतं, हरल्यावर हसता येत होतं. फिन्योंला ते कधीच जमलं नाही, आणि जमवावं असंही त्याला वाटलं नाही.

*

ही शर्यत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टूर तीन आठवडे चालते. रोज एक टप्पा असतो, आणि सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो पिवळी जर्सी घालतो. इटलीच्या जिरो शर्यतीत हीच जर्सी गुलाबी असते. बहुतेक टप्प्यांत सगळे एकत्र सुटतात आणि एकमेकांच्या आडोशानं वारा चुकवत पळतात. आपल्या मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूरमध्ये आल्प्स आणि पिरेनीजचे असे घाट दिवसाला तीन-तीन, चार-चार येतात. काही टप्पे मात्र ‘टाइम ट्रायल’चे असतात. तिथे प्रत्येक जण एकटा सुटतो. पुढे आडोसा नसतो, शेजारी प्रतिस्पर्धी नसतो. माणूस, वारा आणि घड्याळ, एवढंच. फिन्योंचं नशीब याच प्रकाराशी बांधलेलं होतं.

१९८२ मध्ये तो रेनो संघात व्यावसायिक झाला. संघाचा मार्गदर्शक सिरिल गिमार हा स्वतः टूरचे टप्पे जिंकलेला माणूस. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तो कमी वयात मार्गदर्शनाकडे वळला होता. त्याची नजर पारखी होती. इनो त्याच्या हाताखाली घडला. अमेरिकेतून ग्रेग लेमाँड नावाचा पोरगेला सायकलपटू त्यानंच आणला आणि फिन्योंही त्यानंच हेरला. पुढे ज्या दोघांत आठ सेकंदांचा फरक पडणार होता, ते तीन हंगाम एकाच संघाची पिवळी-काळी जर्सी घालून एकाच टेबलावर जेवत होते. गिमारची दुसरी ओळख म्हणजे यंत्रांवरचा विश्वास. पाठीशी मोटारींची कंपनी असल्यामुळे तिच्या वाऱ्याच्या बोगद्यात त्यानं सायकली आणि सायकलपटू दोन्ही तपासून घेतले होते. वारा कापणाऱ्या आकाराच्या नळ्या बसवलेली सायकल रेनोकडे इतरांच्या कितीतरी आधी होती. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

पहिल्याच वर्षी फिन्योंनं जिरोत एक दिवस गुलाबी जर्सी घातली आणि मग निमूटपणे इनोसाठी राबला. शरद ऋतूत ब्लुआ–शाव्हिल शर्यतीत तो एकटाच पुढे निघाला होता. शेवट जवळ आला होता आणि विजय हातात होता. अशा वेळी पेडलचा दांडा ज्या आसावर फिरतो तो आसच तुटला आणि गडी रस्त्यावर आपटला. यंत्रानं त्याच्याशी घेतलेलं हे पहिलं वैर.

१९८३ मध्ये इनोचा गुडघा दुखावला, तो टूरला आला नाही, आणि रेनोचा संघ धन्याशिवाय सुटला. फिन्यों बावीस वर्षांचा होता आणि ही त्याची पहिलीच टूर. पिरेनीजमध्ये पास्काल सिमोंनं पिवळी जर्सी मिळवली आणि दुसऱ्याच दिवशी पडून खांद्याचं हाड मोडून घेतलं. मोडक्या खांद्यानिशी तो बरेच दिवस रेटत राहिला. अखेर आल्प द्युएझच्या टप्प्यात तो उतरला आणि जर्सी फिन्योंकडे आली. ‘आयती मिळाली,’ असं लोक म्हणाले. त्यानं शेवटून दुसऱ्या दिवशी दिजोंची टाइम ट्रायल जिंकून उत्तर दिलं आणि चार मिनिटांहून जास्त फरकानं टूर घेतली. तरी कुजबुज राहिलीच, की इनो असता तर?

*

त्या प्रश्नाचं उत्तर १९८४च्या जुलैत मिळालं. त्याआधी मे-जूनमध्ये इटलीत जे घडलं ते सांगायला हवं, कारण १९८९ची तालीम तिथेच झाली.

त्या वर्षीच्या जिरोत इटलीला आपला फ्रांचेस्को मोझेर जिंकायला हवा होता. मोझेर दणकट गडी, सपाटीवर वाघ, पण उंच चढावर जड. जानेवारीतच त्यानं मेक्सिकोत तासाभरात ५१.१५१ किलोमीटर सायकल हाणून जागतिक विक्रम केला होता. आरे नसलेली, थाळीसारखी बंद चाकं त्या विक्रमामुळे जगाला माहीत झाली. जिरोत फिन्योंला घाट हवे होते आणि सर्वांत मोठा घाट होता स्टेल्व्हिओचा. बर्फाचं कारण देऊन आयोजकांनी तो टप्प्यातून काढला. फ्रेंचांचं म्हणणं होतं की रस्ता पार करण्याजोगा होता. तरीही डोलोमाइट पर्वतात आराब्बाच्या टप्प्यावर फिन्योंनं एकहाती हल्ला चढवून गुलाबी जर्सी घेतली. शेवटच्या दिवशी त्याच्याकडे १ मिनिट २१ सेकंदांची आघाडी होती, आणि शेवटचा दिवस होता व्हेरोनाच्या टाइम ट्रायलचा.

मोझेर आपली थाळीची चाकं घेऊन आला. शर्यत व्हेरोनाच्या दोन हजार वर्षं जुन्या रोमन रंगमंडळात संपणार होती आणि ते खचाखच भरलं होतं. मोझेरनं त्या एका टप्प्यात फिन्योंपेक्षा २ मिनिटं २४ सेकंद कमी घेतले आणि एकूण ६३ सेकंदांनी जिरो जिंकली. चित्रीकरण करणारं हेलिकॉप्टर आपल्यापुढे इतकं खाली उडत होतं की त्याच्या पंख्याची हवा तोंडावर येत होती, असा फिन्योंचा आरोप होता. मोझेरला मात्र त्याच हवेचा मागून धक्का मिळाला, असंही त्याच्या गोटातले म्हणत. सिद्ध काहीच झालं नाही. फिन्योंनं हा राग शेवटपर्यंत गिळला नाही.

त्या रागाचा वाफारा मग टूरमध्ये निघाला. इनो रेनो सोडून बर्नार तापीच्या नव्या संघात गेला होता आणि आता गुरुबंधू समोरासमोर होते. फिन्योंच्या अंगावर फ्रान्सच्या राष्ट्रीय विजेत्याची निळी-पांढरी-लाल जर्सी होती. १६ जुलैचा आल्प द्युएझचा टप्पा म्हणजे या माणसाच्या कारकिर्दीचा गाभा आहे. मला विचाराल तर १९८९मधल्या शाँज एलिझेच्या सत्तावीस मिनिटांपेक्षा तो दिवस जास्त पाहण्यासारखा आहे.

आल्प द्युएझ म्हणजे जवळपास चौदा किलोमीटरचा, एकवीस वळणांचा चढ. तिथे पोचायच्या आधीच इनोनं पुन्हा पुन्हा हल्ले केले. मानी माणूस तो, दुखावला की जास्त चवताळणारा. एका घाटात फिन्योंनं त्याला मागे टाकलं. इनो उतारावरून जीव तोडून आला, पुढच्यांना गाठलं, आणि दम घ्यायचा तर खोऱ्यातल्या सपाट रस्त्यावर पुन्हा हल्ला करून निघून गेला. चढ अजून यायचा होता आणि तोंडावर वारा होता. अशा ठिकाणी अशा वेळी एकट्यानं पळणं म्हणजे खिशातले उरलेसुरले पैसे घाटाच्या पायथ्याशीच उधळणं. फिन्यों नंतर टीव्हीवर म्हणाला की इनो निघाला तेव्हा आपल्याला हसू आलं. चढावर त्यानं इनोला गाठलं, ओलांडलं आणि वर तीन मिनिटांच्या आसपास मागे टाकलं. टप्पा कोलंबियाच्या लुचो एरेरानं जिंकला, त्या देशाचा टूरमधला तो पहिला टप्पा. पिवळी जर्सी फिन्योंनं घेतली, तीही आपल्याच संघातल्या व्हँसाँ बार्तोकडून. संघातला दादा पुढे आल्यावर बार्तोची तक्रार असायचं कारण नव्हतं.

हसण्याचं ते वाक्य मात्र लोकांना झोंबलं. पडलेल्या राजाला हसायचं नसतं, असा फ्रान्समधला अलिखित नियम. फिन्योंला हा नियम माहीत नव्हता अशातला भाग नाही, त्याला तो ढोंगी वाटत होता. हसू आलं तर आलं म्हणायचं, एवढाच त्याचा हिशेब.

ती टूर त्यानं दहा मिनिटं ३२ सेकंदांच्या फरकानं जिंकली. दुसरा इनो, तिसरा लेमाँड. स्वतः पाच टप्पे जिंकले, त्यात तीन टाइम ट्रायल. शेवटच्या टाइम ट्रायलमध्ये तो आणि शॉन केली सेकंदापर्यंत सारखे आले आणि ४८ सहस्रांश सेकंदानं फिन्यों जिंकला. त्या उन्हाळ्यात घड्याळ त्याच्या बाजूनं होतं. वय अजून चोवीसही पुरं नव्हतं. जाणकार म्हणत होते की हा पाच काय, सहा टूर नेईल.

*

१९८५च्या वसंतात डाव्या पायाच्या टाचेमागची शीर सुजली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. सायकलपटूच्या पायाचा प्रत्येक फेरा त्या शिरेवरून जातो. त्या वर्षी टूरला तो नव्हता, इनोनं पाचवी टूर जिंकली. त्यानंतर आजवर एकाही फ्रेंच माणसाला टूर जिंकता आलेली नाही.

पुढची तीन-चार वर्षं मी भरभर सांगतो, कारण तीही तशीच तुटक गेली. रेनोनं सायकल संघ बंद केला. गिमार आणि फिन्यों यांनी मिळून स्वतःची कंपनी काढली, संघाची मालकी आपल्याकडे ठेवली आणि सुपरमार्केटच्या एका साखळीला संघाचं नाव विकलं. व्यवहाराची ही तऱ्हा तेव्हा नवीन होती. १९८६ मध्ये त्यानं फ्लेश वालोन ही शर्यत जिंकली, पण टूर सोडावी लागली. १९८७ मध्ये टूरमधला ला प्लान्यचा टप्पा जिंकला. १९८८ला मिलान–सान रेमो जिंकली. जवळजवळ तीनशे किलोमीटर पळवून समुद्रकाठी संपणारी ही शर्यत, आणि त्यात मौरीत्सिओ फोंद्रिएस्तसारख्या वेगवान इटालियनाला त्यानं दोघांच्या झटापटीत हरवलं. त्याच वर्षीची टूर मात्र पोटातल्या जंतानं घालवली. हेही त्यानं पुढे कसलाही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

या तुटक वर्षांत सायकलिंगच्या जगातली एक जुनी, घाणेरडी बाजूही आहे. १९८७ आणि १९८९ मध्ये तो अँफेटामिनच्या चाचणीत सापडला. कॉर्टिझोन घेतल्याचंही त्यानं आत्मचरित्रात कबूल केलं. आपण संत होतो असा दावा त्यानं कधी केला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की आमच्या काळातली औषधं गाढवाचा घोडा करू शकत नव्हती. हा बचाव पूर्ण पटण्याजोगा नाही. पण पुढे आलेल्या ईपीओ या उत्तेजकानं गाढवांचे खरोखरच घोडे केले, हे नाकारताही येत नाही.

*

१९८९ला तो पुन्हा उभा राहिला. मार्चमध्ये मिलान–सान रेमो लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकली, जूनमध्ये जिरो जिंकली. पाच वर्षांपूर्वीच्या व्हेरोनाचं देणं फिटलं. त्या जिरोत एका माणसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एकूण क्रमवारीत एकोणचाळिसावा आलेला लेमाँड. दोन वर्षांपूर्वी शिकारीला गेलेला असताना त्याला बंदुकीचे छर्रे लागले होते, मरता मरता वाचला होता आणि काही छर्रे अजूनही त्याच्या शरीरात होते. बेल्जियमच्या एका कमकुवत संघानं त्याला घेतलं होतं. जिरोच्या शेवटच्या दिवशी टाइम ट्रायल होती आणि लेमाँड त्यात दुसरा आला. फिन्योंनं ते हेरलं आणि गिमारला सांगितलं की टूरमध्ये याच्यावर लक्ष ठेवायला हवं. सावध तो होताच.

जुलैत पहिले काही दिवस सोडले तर पिवळी जर्सी या दोघांतच फिरत राहिली. रेनच्या टाइम ट्रायलनंतर लेमाँड पाच सेकंदांनी पुढे. पिरेनीजमध्ये सुपरबान्यॅरला फिन्यों सात सेकंदांनी पुढे. आल्प्समधल्या डोंगरी टाइम ट्रायलला पुन्हा लेमाँड. आल्प द्युएझवर गिमारनं लेमाँडच्या खांद्यांची हालचाल पाहून ओळखलं की तो संपलाय. शिष्य जुना, त्यामुळे खुणा पाठ. चढाच्या वरच्या भागात फिन्योंनं हल्ला केला आणि २६ सेकंदांची आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी व्हिलार-द-लांसचा टप्पा जिंकून ती ५० सेकंदांवर नेली. दोघांची शर्यत करण्याची तऱ्हा तोवर सगळ्यांना कळली होती. फिन्यों हल्ला करायचा, लेमाँड मागे चिकटून राहायचा. ‘हा नुसता मागे बसतो,’ असं फिन्यों चारचौघांत म्हणायचा. खरं सांगायचं तर लेमाँडकडे पर्याय नव्हता. डोंगरात त्याच्या संघातलं जवळपास कुणीच टिकत नव्हतं.

शेवटचा टप्पा टाइम ट्रायलचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीला दोनशे वर्षं होत होती म्हणून व्हर्सायच्या राजवाड्यापासून पॅरिसच्या शाँज एलिझेपर्यंत, साडेचोवीस किलोमीटर. पन्नास सेकंद भरून काढायचे तर किलोमीटरमागे दोन सेकंद. वृत्तपत्रांनी फिन्यों जिंकल्याचे अंक तयार ठेवले होते.

आल्प्समधून बाहेर पडताना फिन्योंला खोगिराच्या जागी गळू झालं होतं. सायकलपटूंना होणारी ही नेहमीची, पण जीवघेणी पीडा. रात्री झोप नाही, बसता येत नाही, आणि वेदनाशामक घ्यावं तर चाचणीत सापडण्याची भीती. लेमाँडला याचा पत्ता नव्हता. पॅरिसच्या गाडीप्रवासात स्थानकावर कॅमेऱ्यांनी फिन्योंला घेरलं आणि तो एका कॅमेऱ्यावर थुंकला. ते दृश्य देशभर दाखवलं गेलं. टूर चालू असताना पत्रकार सर्वांत तुसड्या खेळाडूला ‘लिंबू’ द्यायचे. त्या वर्षी ते कुणाला मिळालं असेल हे सांगायला नको.

२३ जुलैला दुपारी लेमाँड दोन मिनिटं आधी सुटला. त्याच्या हँडलला पुढे एक वाकवलेला दांडा जोडलेला होता. त्यावर कोपरं टेकवून हात पुढे जोडले की छाती झाकली जाते आणि वारा दोन्ही बाजूंनी निघून जातो. ट्रायथलॉनवाले हा दांडा वापरत होते आणि अमेरिका आडवी पार करणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या अखंड शर्यतीतले लोकही. (याच शर्यतीत २०१५ साली नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंची जोडी उतरली आणि ती पुरी करून आली. दोन वर्षांनी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पुरी केली. आज हौशी सायकलपटूही हा दांडा सहज वापरतात.) त्या दिवशी मात्र युरोपातल्या मुरलेल्या लोकांना तो पोरखेळ वाटत होता. लेमाँडच्या डोक्यावर मागे टोक निघालेलं शिरस्त्राण होतं. आपल्याला वेळा सांगू नका, असं त्यानं गाडीतल्या माणसाला बजावलं होतं.

फिन्यों उघड्या डोक्यानं सुटला. मागे बांधलेली सोनेरी शेंडी वाऱ्यावर हलत होती. दोन्ही चाकं थाळीची, हँडल मात्र साधं. वाऱ्याच्या बोगद्यात सायकलपटू बसवणाऱ्या गिमारच्या संघानं हँडलचा तो दांडा वापरायचं टाळलं, ही गोष्ट आजही कोड्यासारखी वाटते. लेमाँडनं तो याच टूरमध्ये रेनच्या टाइम ट्रायलमध्ये वापरला होता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. नियमात सायकलपटूला टेकायला तीनच जागा चालत होत्या आणि ही चौथी होते, असा मुद्दा काढता आला असता. गिमारनं अधिकृत हरकत घेतली नाही. का नाही, यावर फिन्योंनं पुढे बराच जीव जाळला.

चित्रफीत पाहताना एक गोष्ट खटकते. फिन्यों वाईट चालवत नाहीये. तासाला साडेबावन्न किलोमीटरहून अधिक वेग आहे, आयुष्यातली सर्वांत वेगवान टाइम ट्रायल तो करतो आहे आणि टप्प्यात तिसरा येतो आहे. पण शरीर एका बाजूला सरकतंय, पुन्हा मध्ये येतंय. शेवटच्या सरळ रस्त्यावर तो डावीकडून उजवीकडे जातो आणि रेषा ओलांडताच फरशीवर कोसळतो. लेमाँडची वेळ २६ मिनिटं ५७ सेकंद, तासाला ५४.५ किलोमीटर. टूरमध्ये इतक्या लांबीच्या टाइम ट्रायलला इतका वेग कुणीच गाठलेला नव्हता. फिन्योंची वेळ २७ मिनिटं ५५ सेकंद. अठ्ठावन्न वजा पन्नास, आठ.

३,२८५ किलोमीटर, सत्त्याऐंशी तास आणि वर अडतीस मिनिटं. त्या संपूर्ण शर्यतीच्या सरासरी वेगानं आठ सेकंदांत सायकल साधारण त्र्याऐंशी मीटर जाते. शेंडी कापली असती तर? शिरस्त्राण घातलं असतं तर? गळू झालं नसतं तर? सायकलवेड्यांच्या बैठकीत हा हिशेब अजून चालतो. मला त्यात फारसा रस नाही. तीन आठवड्यांत शेकडो ठिकाणी आठ सेकंद जातात आणि येतात. रेनच्या रस्त्यावर पावसात, एखाद्या उताराच्या वळणावर, पाण्याची बाटली घ्यायला मागे राहिल्यावर. शेवटच्या दिवसाला दोष देणं सोपं, कारण तो दिसतो.

त्याच शरद ऋतूत फिन्योंनं ग्रां प्री दे नासियों जिंकली. त्या काळी टाइम ट्रायलची ती सर्वांत मानाची शर्यत. आणि यावेळी हँडलला तो दांडा लावलेला होता.

*

त्यानंतर उतार लागला. १९९०ची जिरो आणि टूर दोन्ही अर्धवट सोडल्या. १९९१च्या टूरमध्ये सहावा आला. गिमारशी बिनसलं आणि दहा वर्षांचं नातं कडवटपणे तुटलं. १९९२ला तो इटालियन संघात, जानी बुन्योच्या मदतीला गेला. त्या टूरमध्ये लक्झेंबर्गच्या टाइम ट्रायलमध्ये मिगेल इंदुराइन त्याच्या सहा मिनिटं मागून सुटला आणि त्याला ओलांडून निघून गेला. दोनदा टूर जिंकलेल्या माणसाला याहून मोठी नामुष्की कुठली? दोन दिवसांनी फिन्यों म्युलुझच्या टप्प्यात एकटा पुढे निघाला, अख्खा घोळका मागे लागला असताना टिकला आणि जिंकला. टूरमधला त्याचा तो शेवटचा विजय. म्हातारा झाल्यावरही हा माणूस हल्लाच करत राहिला.

१९९३च्या टूरमध्ये घाटांत भलतेच लोक आपल्याला सहज ओलांडून जाताहेत हे पाहिल्यावर त्याला काळ बदलल्याचं कळलं. टूर अर्ध्यावर सोडली आणि हंगाम संपायच्या आत सायकलही ठेवून दिली.

निवृत्तीनंतर त्यानं पॅरिस–नीस ही शर्यत हाती घेतली. २००० आणि २००१ला ती चालवली, पण खर्च पेलेना, तेव्हा टूरच्या आयोजक कंपनीला विकली. पिरेनीजच्या पायथ्याशी हौशी सायकलपटूंसाठी केंद्र काढलं. आणि टीव्हीवर समालोचन करू लागला. इथे त्याला त्याची जागा सापडली. जे तोंड खेळाडू असताना अंगाशी यायचं, त्याच तोंडासाठी आता लोक टीव्ही लावू लागले. आघाडीचा गडी मागे बसून राहिला की तो चिडायचा आणि सरळ चिडून बोलायचा. सायकलिंगची पुस्तकं पुष्कळ निघतात, बहुतेक गोडगोड. त्याचं २००९चं आत्मचरित्र ‘नूझेत्यों झन ए अँसुसियाँ’ तसं नव्हतं. आठ सेकंदांपासून ते कोकेनच्या रात्रींपर्यंत सगळं त्यात आहे.

ते पुस्तक आलं त्याच सुमारास त्यानं कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. पचनमार्गातला, आणि पसरलेला. औषधांच्या जुन्या सवयींशी याचा संबंध आहे का, हे विचारलं गेलंच. आहे किंवा नाही असं छातीठोक सांगता येणार नाही, असं तो म्हणाला.

२०१०च्या जुलैत तो समालोचनाला आला तेव्हा आवाज फाटला होता, बसका झाला होता. गाठीचा दाब स्वरयंत्रावर येत होता. तीन आठवडे फ्रान्सनं तो घोगरा आवाज ऐकला. थुंकणारा, लिंबू मिळवणारा, इनोला हसणारा हा माणूस लोकांना तेव्हा आवडू लागला. सव्वीस वर्षांचा उशीर झाला होता. त्यानं स्वतः मात्र त्यासाठी काही बदललेलं दिसलं नाही. कुणी भेकडासारखी शर्यत केली तर तो तेव्हाही तसंच सांगत होता.

त्याच टूरमध्ये बान्यॅर-द-ल्युशोंच्या टप्प्यात पिवळी जर्सी घातलेल्या आंदी श्लेकची साखळी घाटात निसटली आणि आल्बेर्तो काँतादोर पुढे निघून गेला. खिलाडूपणा की शर्यत, यावर दोन दिवस वाद पेटला. संध्याकाळी काँतादोरच्या अंगावर पिवळी जर्सी होती आणि फरक होता आठ सेकंदांचा.

३१ ऑगस्टला पॅरिसच्या पितिए-साल्पेत्रियेर रुग्णालयात फिन्यों गेला. पन्नाशी पुरी होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पुढे काँतादोर उत्तेजकांच्या चाचणीत अडकला आणि २०१२ला ती टूर त्याच्याकडून काढून श्लेकला देण्यात आली. १९८९चा निकाल मात्र जागचा हललेला नाही. पहिल्या दोघांत इतका कमी फरक टूरमध्ये त्याआधी कधी नव्हता आणि नंतरही पडलेला नाही.